सोन्याची पेटी

बाळ येशूला भेटी आणणाऱ्या तीन राजांच्या सणाला राजा होऊन सोन्याची पेटी घेऊन चालायला मिळालं, तर कापडवाल्याला तीन गोष्टी मिळणार होत्या: चर्चमधली पहिली रांग, विश्वस्तांमधली खुर्ची आणि शाळेच्या सहाशे गणवेशांची ऑर्डर. पहिल्या दोन देवासाठी, असं तो सांगे. तिसरीबद्दल तो देवाशीसुद्धा बोलत नसे.

पेटी पोकळ वाजू नये म्हणून त्याने तीत बहिणीच्या पाटल्या घातल्या. नवरा गेल्यापासून ती मुलीला घेऊन त्याच्याच माडीवर राही आणि त्याच्याच दुकानाचं शिवण शिवी. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी राखलेल्या त्या पाटल्या तिने विश्वासाने त्याच्या कपाटात ठेवल्या होत्या.

"अगं, तासाभराचा प्रश्न!" तो तिला म्हणाला. "दरवर्षी पेट्या घरी परतच येतात की."

येत खऱ्या. पण यंदा फादर नवे होते. राजे झालेल्या तिघांनी गव्हाणीपुढे गुडघे टेकले, तसे ते म्हणाले, "त्या राजांनी आपली दानं परत नेली नव्हती," आणि तिथल्या तिथे पेट्या उघडल्या. मास्तरांच्या पेटीत खरंच ऊद निघाला. गंधरस म्हणून बेकरीवाल्याने लवंगा आणल्या होत्या. तिसऱ्या पेटीतून पाटल्या निघाल्या आणि सगळ्या बाकांवरून 'अबब' उठलं.

"दवाखान्याच्या खाटांसाठी!" फादरांनी पाटल्या उंच धरल्या.

कापडवाला पांढराफटक पडला. मग टाळ्या कानी आल्या आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग चढला. "माझं काय आहे त्यात, फादर!" तो विनयाने म्हणाला. आयुष्यात एकदा खरं बोलला, तेही चुकून.

चौथ्या बाकावरून बहीण उठली. टाळ्या थांबल्या.

"बोला ना, ताई," फादर म्हणाले.

भावाने तिच्याकडे पाहिलं. 'माझ्या आहेत', एवढं म्हटलं की पाटल्या हातात. आणि संध्याकाळच्या आत मायलेकींचं बोचकं रस्त्यावर. शिलाई मशीनही त्याचंच.

"काही नाही, फादर. दादाचा हात पहिल्यापासूनच सढळ. लहानपणी माझा खाऊसुद्धा पाहुण्यांना वाटून टाकायचा."

सगळे कौतुकाने हसले. दादा तेवढा हसला नाही.

दवाखान्याला चार खाटा मिळाल्या, फादरांना पुढच्या रविवारचं प्रवचन, कापडवाल्याला ठरल्याप्रमाणे सगळं. सहाशे गणवेश बहिणीने जुन्याच दराने शिवले. तिची मुलगी नर्सिंगला गेली नाही. ती काज-बटणांना बसली.