निशाणवाल्याचा अर्धा इंच

मित्रांनो, माझी उंची तुमच्या अंगठ्याएवढी आणि वजन दोन-तीन नाण्यांइतकं. तरीही एका अख्ख्या सैन्याचं निशाण मी तीस वर्षं खांद्यावर वागवलं आहे. मी शिशाचा एक जुना शिपाई आहे. खेळातले लोक मला निशाणवाला म्हणतात.

वितळलेला धातू साच्यात ओतला, तो गार झाला आणि मी बाहेर पडलो, तेव्हा अंगाने करडा आणि चेहऱ्याने कोरा होतो. एका खोक्यात वीस भालाईत भावंडांबरोबर मी दुकानात आलो. तिथून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने आम्हाला घरी नेलं. त्याच्या डोळ्याला कायम भिंग असायचं, म्हणून त्याचा मित्र त्याला भिंग्या म्हणायचा. भिंग्याने मला रंगवलं. माझ्या निळ्या निशाणावर त्याने एक सोनेरी पक्षी काढला, आणि त्याचं पीस न् पीस वेगळं दिसेल असा काढला. त्याचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं; तिथली गिऱ्हाइकं घड्याळ विसरून मला बघत बसायची. "हे हाताने केलंय?" असं कुणी विचारलं की भिंग्या नुसता मान खाली घालून हसायचा. त्या हाताचा मला फार अभिमान होता.

त्याचा मित्र सुतार होता. शाळेपासूनची जोडी ती. त्याच्या हातात सदा लाकूड तासायचा रंधा, म्हणून भिंग्या त्याला रंध्या म्हणायचा. रंध्याचं सैन्य राक्षसांचं होतं. बोटभर उंच, हिरवे, आणि रंगवले होते अगदी दार रंगवावं तसे. लढाईसाठी रंध्याने स्वतः एक मोठं टेबल बनवलं होतं. त्यावर टेकड्या, नदी आणि नदीवर एक पूल. दर रविवारी दुपारी आमची लढाई व्हायची. कोण किती पुढे सरकलं ते टेपने मोजायचं, आणि वार बसला की हुकला ते फाशांनी ठरवायचं. शेवटच्या डावाला ज्याचं निशाण पुलावर, तो जिंकला. दोघं फाशांवरून भांडायचे, एकमेकांच्या सैन्याची टिंगल करायचे, आणि भिंग्याची बायको आतून ओरडायची, "अहो, हळू! शेजारी खरंच मारामारी समजतील."

अशी कितीतरी वर्षं मजेत गेली. मग भिंग्याचा उजवा हात थरथरू लागला.

ते पहिल्यांदा कळलं ते मला, कारण मी दुकानात त्याच्या समोरच्या फळीवर उभा असायचो. चिमट्यातला स्क्रू निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. मग त्याने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. डॉक्टर म्हणाले, औषधाने कमी होईल, पण जाणार नाही. घरी येऊन त्याने बायकोला बजावलं, "कुणाला बोलू नकोस. घड्याळजीचे हात कापतात म्हटल्यावर दुकानात कोण येईल? आणि रंध्याला तर मुळीच नको. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज सांगितलं तर उद्या बाजारभर होईल."

त्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट मला सांगायची आहे.

लढाई अगदी रंगात आली होती. माझे निम्मे भालाईत पडले होते, समोर चार राक्षस उरले होते. शेवटचा डाव. पूल माझ्यापासून साडेसहा इंचांवर होता, आणि मला सहाच इंच जायची परवानगी होती. भिंग्याने मला सहा इंच सरकवलं. रंध्याने टेप लावून बघितलं आणि मांडीवर थाप मारली. "अर्ध्या इंचाने वाचलो रे! आता माझी पाळी. थांब, पाणी पिऊन येतो."

तो आत गेला. माझ्या शेजारचा एक भालाईत कलंडला होता, त्याला उभं करायला भिंग्याने हात पुढे केला. हात थरथरला, मला धक्का बसला आणि मी सरळ पुलावर जाऊन उभा राहिलो. भिंग्या घाबरला. मला मागे घ्यायला त्याने पुन्हा हात घातला, तर हात जास्तच कापू लागला आणि आणखी दोन शिपाई आडवे झाले. तेवढ्यात पावलं वाजली. भिंग्याने हात टेबलाखाली लपवला.

रंध्याने मला बघितलं. आधी तो हसला.

"काय रे, हा पुलावर कसा?"

"धक्का लागला" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्या दोन शब्दांची भिंग्याने धास्ती घेतली होती. आदल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाची काच त्याच्याकडून फुटली होती. तेव्हाही तो तेच म्हणाला होता, आणि तो माणूस त्याच्या हातांकडे टक लावून बघत राहिला होता.

"तिथेच होता," भिंग्या म्हणाला.

"मी आत्ता मोजलं ना! सहा इंच."

"मग चुकीचं मोजलं असशील."

रंध्याचं हसू मावळलं. "भिंग्या, आयुष्यभर मी मोजमापावर पोट भरतोय. सरकवला असशील तर सरकवला म्हण, मी काय फाशी देणार आहे?"

"नाही सरकवला."

"म्हणजे चोरी ती चोरी, आणि वर मलाच खोटं पाडतोस? आजवर असं किती वेळा केलंस रे?"

भिंग्याने नजर पुलाकडे वळवली. त्याचे दोन्ही हात टेबलाखाली होते. मित्रांनो, मी एकटाच साक्षीदार होतो, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. रंध्याने आपले राक्षस मुठीने उचलून पिशवीत कोंबले. त्या झटापटीत मी फरशीवर पडलो आणि माझ्या निशाणाची काठी मोडली. दार आपटून तो गेला.

आम्हाला खोक्यात ठेवलं गेलं. तिथे अंधार होता, पण ऐकू येत होतं. पूर्वी दुरुस्तीला आलेल्या घड्याळांची टिकटिक घरभर असायची. ती हळूहळू कमी होत गेली. मग एक दिवस फक्त भिंतीवरचं घड्याळ उरलं. दुकान बंद झालं होतं. रविवारी दुपारी खुर्ची टेबलाजवळ सरकायची, थोड्या वेळाने मागे सरकायची, पण खोकं कुणी उघडत नव्हतं.

पाच महिन्यांनी ते भिंग्याच्या बायकोने उघडलं. तिने मला रुमालात गुंडाळलं आणि थेट सुताराचं दुकान गाठलं.

"या वहिनी," रंध्या उठून म्हणाला. आवाज कोरडा होता.

तिने मला आणि एक साधा चमचा त्याच्यापुढे ठेवला. "भाऊजी, याची काठी मोडलीय. आणि या चमच्याला लाकडी मूठ बसवून हवी होती. चांगली जाड. बारीक दांडी त्यांच्या हातात राहत नाही, सगळं अंगावर सांडतं."

"का? काय झालं हाताला?"

"सांगू नको म्हणालेत. मी काही सांगत नाहीये. चमचा तेवढा दाखवतेय."

रंध्याने चमचा हातात घेतला, मग मला घेतलं. मला समोरच्या फळीवर उभं करून त्याने बोटाने अर्धा इंच ढकललं. "कधीपासून?" त्याने विचारलं.

"त्या रविवारच्या आधीपासून."

तो दुसऱ्याच दिवशी घरी आला. मूठ बसवलेला चमचा त्याने टेबलावर ठेवला, नव्या काठीसकट मला शेजारी उभं केलं आणि म्हणाला, "चोर म्हणालो तुला."

"आणि मी म्हणू दिलं," भिंग्या म्हणाला. "चोर म्हटलेलं परवडलं, बिचारा म्हटलेलं नको होतं."

"गाढवा, मला तरी सांगायचंस."

मग रंध्याने पिशवीतून राक्षस काढले. आता भिंग्या हुकूम देणार आणि रंध्या दोन्ही सैन्यं हलवणार, असं ठरलं.

पण ती लढाई मला पहिल्यापासून खटकत होती. राक्षस वाट चुकल्यासारखे टेकडीमागे जाऊ लागले. माझा रस्ता मोकळा होत गेला. भिंग्याने तीन डाव सहन केलं.

"तो तिकडे कुठे चाललाय? गवत खायला?"

"असू दे रे, माझा डाव आहे."

"रंध्या, माझे हात गेलेत, डोळे शाबूत आहेत. मला जिंकवायला आला असशील तर चमचा ठेव आणि घरी जा."

रंध्या लालबुंद झाला. मग त्याने बाह्या सरसावल्या. सगळे राक्षस टेकडीवरून खाली उतरले आणि पुलाच्या तोंडाशी माझ्यावर तुटून पडले. फासे पडले तेही असे, की माझी धडगत राहिली नाही. रंध्याने मला उचललं आणि मेलेल्यांच्या रांगेत आडवं ठेवलं.

"हरलास," तो म्हणाला.

"माहितीय," भिंग्या म्हणाला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसला.

मित्रांनो, त्याचा हात बरा झालेला नाही, होणारही नाही. दुकान गेलं ते गेलंच. माझा रंग आता उडत चालला आहे. तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे. आपल्या माणसाला चोर ठरवण्याआधी एकदा त्याचे हात बघा. आणि ते कापताना दिसले तर त्याला आधार द्या, पण त्याच्याशी खरं खेळा. मी त्या दिवशी मेलेल्यांच्या रांगेत पडलो होतो, आणि इतक्या सुखाने मी कधीच पडलो नव्हतो.