उजवा हात

"जिसको आता है, दायाँ हाथ. जिसको नहीं आता, बायाँ. पर हाथ सब उठाएँगे." रुचितानं तिसरीच्या वर्गाला पुन्हा एकदा बजावलं, आणि पोरांनी लगोलग हात वर केले. दारात उभ्या असलेल्या वनमालाबाईंना लाजही वाटली आणि हायसंही वाटलं.

रुचिता त्यांच्याच डीएलएडच्या, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गातली, वयानं त्यांच्या लेकीएवढी. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्याजवळच्या या सरकारी शाळेत आज वनमालाबाईंचा परीक्षेचा अंतिम पाठ होता. बाहेरून आलेले परीक्षक वर्गात मागं बसणार, आणि सगळा वर्ग हात वर करतोय हे पाहून खूश होणार. बाईंनी फक्त उजव्या हातवाल्यांना विचारायचं. सगळेच असं करतात, असं रुचिता म्हणाली, आणि ते खरंच होतं.

वनमालाबाई लग्न होऊन भंडाऱ्याहून रायपूरला आल्या आणि भनपुरीच्या एका खाजगी शाळेला चिकटल्या. ट्रकवाल्यांची, गोदामातल्या हमालांची पोरं त्यांच्या हाताखालून गेली. तेव्हा प्रशिक्षणाचं कुणी विचारलं नव्हतं. आता मात्र शाळेनं स्पष्ट सांगितलं होतं, डीएलएड नसेल तर पुढच्या सत्रात ठेवता येणार नाही. म्हणून केस पिकल्यावर बाई शिकवायला शिकत होत्या. यात गंमत होती, पण हसायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

मागच्या वर्षी त्या याच पाठात नापास झाल्या होत्या. एका पोराला भागाकार कळेना, म्हणून त्याच्यापाशी बसल्या आणि वेळ संपला. पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही, असा शेरा मिळाला. रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान शालिग्रामराव आज सकाळी चहा पिताना तेच बोलले.

"एका पॅसेंजरसाठी गाडी थांबवत नसतेत. तू काहून थांबवतं मंग?"

"नाही थांबवत आता," बाई म्हणाल्या. "लय थकली मी."

पाठ सुरू झाला. शून्य असलेल्या संख्येतून वजाबाकी. बाईंनी फळ्यावर गणित मांडलं, काड्यांच्या जुड्या सोडून दाखवल्या आणि प्रश्न विचारला. वर्गभर हात उभे राहिले. त्यांनी उजवा हात पाहून नाव घेतलं, उत्तर बरोबर आलं. दुसरं आलं, तिसरंही आलं. परीक्षक मान डोलावत होते.

मागच्या ओळीत खिलेश्वरी बसली होती. तिचा डावा हात सगळ्यांपेक्षा उंच होता. बाकीच्यांनी खेळ म्हणून हात वर केले होते. या पोरीनं मात्र आपल्याला येत नाही हे मनापासून सांगायचं ठरवलेलं दिसत होतं. हात दुखायला लागला तसा तिनं उजव्या हातानं तो कोपराशी धरला, पण खाली घेतला नाही. ती बाईंकडे एकटक बघत होती.

आयुष्यभर वनमालाबाई वर्गात असेच हात शोधत आल्या होत्या. त्यांचा पाय तिच्या दिशेनं उचललाही गेला. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, नजर वळवली आणि पुढच्या उजव्या हाताचं नाव घेतलं. आवाज कुठं अडला नाही.

टाचण शेवटच्या ओळीपर्यंत पार पडलं. इतका जागा वर्ग बऱ्याच दिवसांत पाहिला नाही, असं परीक्षक म्हणाले आणि उठले. रुचितानं बाईंना मिठीच मारली. नोकरी वाचली होती. बाईंनी घरी फोन करून तेवढंच सांगितलं.

मग त्या वर्गात परत आल्या. पोरं जेवायच्या सुट्टीत बाहेर पळाली होती, खिलेश्वरी दप्तरात ताटली शोधत होती. बाई तिच्याजवळ तागाच्या टाटपट्टीवर टेकल्या, काड्यांची जुडी पुढं ठेवली.

"बता बेटा, कहाँ नहीं समझा?"

पोरीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग परीक्षक बसले होते त्या रिकाम्या खुर्चीकडे. आणि उजवा हात वर केला.

"आ गे मैडम. सब आ गे." सगळं यायला लागलं होतं म्हणे तिला.

बाईंनी तो हात धरून हळूच खाली घेतला. त्यांनी सोडताच पोरीनं तो पुन्हा वर केला.