गार झालेला गहवा

शेखच्या बैठकीत हाशमने वाकून दुसरा पेला पुढे केला, तर म्हाताऱ्या पाहुण्याने पहिल्यावर तळहात ठेवला. वेलचीचा गहवा, अरबांची कॉफी, काठोकाठ, ओठही न लागलेला, गालिच्यावर तसाच.

हाशम दारात आला. "नसरूभाय, गहवा बिघडला वाटतं."

"तुझं डोकं बिघडलंय," आचारी कुजबुजला. "हात लावू नको. मागायला आलेला पाहुणा पेला असाच ठेवतो. यजमान 'दिलं' म्हणाला की पितो. एका पेल्याला एकच मागणं."

मागणं काय, ते हाशमला ठाऊक होतं. पाहुण्याला विमानतळावरून त्यानेच गाडीने आणलं होतं. मंत्री म्हणजे मागच्या सीटवरून बोटं दाखवणारं धूड, असं त्याचं रोकडं मत. हा माजी मंत्री मात्र पुढे बसला, मांडीवर कागदांचं गाठोडं घेऊन. त्याच्या मायदेशात बंदी घातलेलं पुस्तक. शेखचा छापखाना होता, तिथे ते छापून हवं असणार.

"मुलंबाळं?" गाडीत म्हाताऱ्याने विचारलं होतं.

"एक मुलगी, आलिमा. चार वर्षांची. पाहिली नाही अजून."

"का?"

"पासपोर्ट कफीलकडे, नोकरीला आणणाऱ्या मालकाकडे. तुम्ही ज्यांच्याकडे चाललात ते शेखच. दरसाल म्हणतात, पुढच्या वर्षी जा."

मग हाशमने विचारलं, "परराष्ट्रमंत्री करतो काय, साहेब?"

"दुसऱ्याच्या घरी बसून गहवा गार होऊ देतो."

हाशम हसला होता. थट्टा वाटली त्याला.

आता कोपऱ्यातल्या टीव्हीवर बगदाद आवाज बंद करून जळत होतं आणि शेख बाकीच्या पाहुण्यांना सांगत होता: हा परराष्ट्रमंत्री होता. समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन फौजा याने नुसतं बोलून मागे फिरवल्या. स्वतःच्याच सरकारने तुरुंगात टाकलं, तर तिथेही लिहीत राहिला. बैठकीत कुणी पेलासुद्धा वाजवत नव्हतं.

"प्या हुजूर," शेख गाठोड्याकडे पाहत म्हणाला. "मागाल ते दिलं."

म्हाताऱ्याने गाठोडं पाठीमागे सारलं.

"याला घरी जाऊ द्या. मुलीला भेटायला."

शेखचं हसू तोंडावरच राहिलं. सगळे हाशमकडे बघत होते. शेखने हाशमकडे पाहिलं नाही.

"दिलं."

म्हाताऱ्याने गार गहवा एका घोटात संपवला आणि पेला पुढे केला.

"आता गरम दे."

हाशमने गरम गहवा काठोकाठ ओतला.

निघताना म्हातारा वाकायच्या आत हाशमने गाठोडं उचललं, दोन्ही हातांवर. गाडीचं मागचं दार उघडलं. मोठी माणसं बसतात त्या जागी ते ठेवलं आणि पट्टा लावला.