जो हलला तो मेला

माझ्या दादाला बंदुकीच्या गेममधलं सगळं कळतं, फक्त खेळता येत नाही. नेम धरायच्या वेळी त्याला शिंक येते आणि पळायच्या वेळी तो भिंतीला नाक लावून जागच्या जागी पळत राहतो. अशा माणसाने काय करावं? त्याने चॅनल काढला आणि लोकांना शिकवायला लागला.

त्याची सगळी स्ट्रॅटेजी चार शब्दांत मावते: जो हलला तो मेला. पण तेवढ्यावर चॅनल चालत नाही. म्हणून तो नकाशावर लाल-निळे बाण काढून एकेक कोपरा समजावून सांगतो. कंटेनरमागे कसं बसायचं यावर त्याचा अख्खा व्हिडिओ आहे. जिन्याखाली कसं बसायचं यावर दोन आहेत, कारण पहिल्यात तो चुकून उभा होता.

लग्नानंतरही हे थांबेना तेव्हा त्याच्या सासऱ्यांनी तोंड उघडलं. त्यांचं टायरचं दुकान आहे. ते म्हणाले, "जावईबापू, शहरातल्या स्पर्धेत एक मॅच जिंकून दाखवा, मी पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही. हरलात तर सोमवारपासून गल्ल्यावर." दादाने हे आव्हान खुर्चीतून न उठता स्वीकारलं. टायरच्या वासानेच त्याला मळमळतं, त्यामुळे तो प्रथमच थोडा गंभीर दिसला.

टीम चौघांची. दादा कप्तान. दुसरा दातांचा डॉक्टर. पेशंट येत नसल्यामुळे त्याचा सराव दांडगा. तिसरा लांब्या, जो गेममध्ये नसला तरी मॉनिटरच्या वरून दिसतो. चौथा मी. धाकट्या भावाला कुणी विचारत नाही, धरून आणतात.

स्पर्धा एका गेमिंग कॅफेत होती. सासरे खुर्ची ओढून दादाच्या पाठीमागे बसले. समोर कॉलेजची टीम. त्यांची कप्तान मुलगी उठून दादाकडे आली.

"सर, आम्ही चौघं तुमचेच व्हिडिओ बघून शिकलो. सगळे बघितले. जिन्याचे दोन्ही."

दादाची छाती फुगली. मला दरदरून घाम फुटला.

गेमचा नियम सोपा आहे. एका टीमने गोदामात शिरून बॉम्ब लावायचा, दुसरीने गोदाम राखायचं. वेळेत बॉम्ब लागला नाही तर राखणारे जिंकले. मग बाजू बदलायची.

पहिल्या राऊंडला आम्ही राखणारे. चौघे चार कोपऱ्यांत दबा धरून बसलो. कुणी आलंच नाही. तेही बाहेर कुठल्या तरी कोपऱ्यांत दबा धरून बसले होते. वेळ संपली, आम्ही जिंकलो. मग बाजू बदलली आणि अगदी तसेच ते जिंकले. पुढे हेच चालू राहिलं. एक गोळी सुटली नाही. समालोचक आधी हवेबद्दल बोलला, मग स्वतःच्या पाठदुखीबद्दल, मग त्याचा आवाज भरून आला.

"नेट गेलंय का?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही बाबा. हे वरच्या लेव्हलचं आहे."

शेवटी बरोबरी झाली. एकच राऊंड उरला. नाणेफेकीत हल्ला आमच्या वाट्याला आला, म्हणजे आता बसून राहिलो तर हरलो. हे लांब्यालाही कळलं.

"दादा, आत शिरू," मी हेडफोनवर म्हणालो.

"थांब. एक कंटेनरमागे असणार, एक जिन्याखाली, दोघं पत्र्याआड. मीच शिकवलंय."

"म्हणजे चौघंही कुठे आहेत ते आपल्याला माहीत आहे."

"अर्थात."

"मग उडवू ना त्यांना."

"उडवणार कसं? त्या जागांना तोडच नाही. मी सिद्ध केलंय ते."

"बोळातून एक हातबॉम्ब टाकून बघू का?" डॉक्टर म्हणाला.

"डॉक्टर, तुम्ही व्हिडिओ पाहिलेला दिसत नाही."

"पाहिलाय. अर्धा."

"मी जातो," लांब्या म्हणाला.

"लांब्या, गप बस. आपण आत शिरून जिंकलो तर माझा सगळा चॅनल खोटा पडेल, कळतंय का तुला?"

"आणि हरलो तर टायर," मी म्हणालो.

दादाने हात लांब करून माझा माऊस दाबून धरला. स्वतःच्या माऊसचं त्याला काही काम नव्हतंच. वेळ संपली. आम्ही हरलो.

दादा उठला आणि टाळ्या वाजवत समोरच्या टेबलापाशी गेला. "वा. काय बसलात."

"सर, तुम्ही आत का नाही आलात?" मुलीने विचारलं. "आमचे दोघं कंटाळून केव्हाच पाणी प्यायला गेले होते. जिन्याखाली कुणीच नव्हतं."

दादा संतापला. "जागा सोडून गेले? व्हिडिओत इतकं घसा फोडून सांगितलंय." मग तो दहा मिनिटं त्या पोरांची हजेरी घेत बसला. जिंकलेली पोरं खाली मान घालून ऐकत होती.

सासरे शांतपणे उठले. "चला जावईबापू. सोमवारी दुकान उघडायचं, गिऱ्हाईक येईपर्यंत बसायचं. त्यात तुमचा हात कुणी धरणार नाही."

दादाने थोडा विचार केला.

"दुकानाला मागून दार आहे का?"

"आहे."

"मग तिथे एक माणूस लागेल," दादा म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनीही पाहिलं.