रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांचे नाना

मार्गशीर्षातल्या सकाळी चाकणच्या रस्त्यावर धुकं उतरलेलं असे, कांद्याच्या ओल्या पातीचा उग्र दरवळ त्यात भिनलेला असे, आणि त्या पांढऱ्या, निराकार स्तब्धतेत पत्र्यावर तळहाताच्या दोन थापा उमटत. गाडी निघाल्याची ती खूण. दाराचा दांडा धरून नाना उभे असत; उंच, खांद्यात जरासे झुकलेले, गळ्याभोवती राखाडी मफलर. त्या काळात स्वतःच्या मालकीच्या गाडीत ते कधी बाकावर बसलेले मला आठवत नाहीत. शेवटची मुलगी चढून जागेवर स्थिरावली की मगच तो हात पत्र्यावर पडे, आणि त्या आवाजात हुकूम नसे. झोपलेल्या लेकराला थोपटावं तसं काहीतरी त्यात असे.

नाना माझे थोरले चुलते. आजोबा अकाली गेले तेव्हा नाना टेम्पो चालवत होते आणि माझे वडील, ज्यांना घरात सगळे आण्णा म्हणत, शाळेत होते. पुढे नानांनी एक जुनी बस घेतली, चिंचवडहून चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात कामगारांची ने-आण सुरू केली आणि पाहता पाहता त्यांच्या दारात अकरा गाड्या उभ्या राहिल्या. जनरल शिफ्टची माणसं सकाळी कारखान्यात सोडली की गाड्या रिकाम्या चिंचवडला परतत, आणि दुपार कलली की त्यांना आणायला पुन्हा रिकाम्याच निघत. ती रिकामी बाकं नानांना सलत असावीत. आमच्या पंचक्रोशीतल्या मुली दहावीनंतर घरी बसत, कारण चिंचवडच्या कॉलेजपर्यंत जायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक उंबऱ्यावर अडलेला होता. नानांनी एक गाडी वळवली. परतीच्या वाटेवर ती गावोगावी थांबू लागली, मुलींना कॉलेजपाशी सोडू लागली, आणि संध्याकाळी कामगारांना आणायला निघताना त्याच मुलींना माघारी आणू लागली. भाडं नाही, पास नाही.

तरीही आईबाप मुलींना धाडेनात. परक्या चालकाच्या भरवशावर तरण्या मुली कशा सोडायच्या, असं लोक तोंडावर म्हणत. नाना कुणाशी वाद घालत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर मोठी आई, म्हणजे माझी चुलती, मेथीची जुडी मांडीवर घेऊन बसलेली दिसली. अख्खं वर्ष ती रोज गेली आणि रोज आली. मेथी निवडत, शेंगा सोलत, एखादीची वेणी सुटली तर ती घालून देत. त्या वर्षी सात मुली चढल्या. दुसऱ्या वर्षी बाकं अपुरी पडू लागली. मीही त्याच गाडीतून बी.कॉम. झाले.

घरात नानांचा वत्सल स्वभाव असा गाजावाजा न करता वावरे. जेवायला बसले की ताटातली पहिली गरम भाकरी ते आण्णांकडे सरकवत. चाळिशी उलटलेल्या भावाला ते अजून ‘धाकटं’ म्हणत. स्वतःच्या लेकीच्या लग्नात त्यांनी डोळे कोरडे ठेवले होते, पण आण्णांना टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर त्यांना गुडघ्यांत डोकं घालून बसलेलं मी पाहिलं आहे. कारखान्याशी असलेला सारा व्यवहार त्यांनी आण्णांच्या हाती दिला होता, आणि दिल्यावर पुन्हा वळून पाहिलं नव्हतं.

इंग्रजी पत्रं मी लिहायची. नानांना इंग्रजी हळूहळू वाचता येई, लिहिता येत नसे. प्रत्येक पत्राच्या आरंभी मी एक वाक्य घाले, ‘आपल्या उदार लक्षात नम्रपणे आणून देऊ इच्छितो’ अशा अर्थाचं, जरा जुन्या वळणाचं, मीच जुळवलेलं. ते वाक्य नानांना फार आवडे. कागद डोळ्यांपासून लांब धरून ते आधी तेवढंच वाचत, आणि मोती तोलावेत तसे एकेक शब्द ओठांवर तोलत.

कंत्राटाचं नूतनीकरण जवळ आलं त्या उन्हाळ्यात आण्णांनी मला समोर बसवून एक पत्र लिहायला सांगितलं. माझ्या आईच्या नावानं नवी संस्था निघाली होती, तिचा तो अर्ज. नानांना ठाऊक आहे का, असं मी विचारलं.

“त्यांनीच सांगितलंय,” आण्णा म्हणाले.

आई जवळच गहू निवडत होती; तिनं मान वर केली नाही. त्या खाली राहिलेल्या मानेनं मला सगळं सांगितलं होतं, आणि मी ते ऐकलं नाही असं स्वतःला भासवलं. पत्राच्या आरंभी सवयीनं माझं तेच जुन्या वळणाचं वाक्य आलं; शेवटाकडे आण्णांनी एक वाक्य घालायला लावलं: सध्याचे ठेकेदार कारखान्याच्या सेवेतली गाडी बाहेरच्या प्रवाशांसाठी वापरतात, हा नियमभंग आहे. माझी बोटं थबकली. त्या गाडीच्या खिडकीला डोकं टेकून मी अख्खा अभ्यासक्रम पाठ केला होता. तेवढं एक वाक्य लागतंच, असं आण्णा शांतपणे म्हणाले, आणि मी ते लिहिलं. माझ्या बापानं मला फसवलं हे खरं. पण फसवून घेण्यासाठी लागणारी सगळी तयारी माझीच होती.

काही दिवसांनी कारखान्यानं नानांना बोलावून तो अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. मोठ्या आईनं मला नंतर सांगितलं की त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून साहेबांकडे परत दिला आणि गाडी कुणासाठी वळवतो ते कबूल केलं. कंत्राट गेलं, ते आईच्या नावाच्या संस्थेला मिळालं. मुलींची गाडी त्याच आठवड्यात थांबली. घरी मात्र नाना कुणाला काही बोलले नाहीत. त्या रात्रीच्या जेवणात भाकरी नेहमीसारखीच आण्णांच्या ताटाकडे सरकली, आणि आण्णांनी ती खाल्ली.

आण्णांच्या नव्या गाड्यांच्या पूजेला अवघं गाव लोटलं. ज्यांच्या लेकी शिकून शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, त्या घरांतले बापही फेटे बांधून आले होते, जिलेबीची ताटं हातात घेऊन नव्या रंगाचं कौतुक करत होते. मुलींच्या गाडीचं काय झालं, हे त्यांतल्या एकानंही विचारलं नाही. मला वाटतं, नानांच्या देहातला उजेड विझला तो इथे, कारखान्यात नव्हे. भर गर्दीत आण्णांनी त्यांच्या हातात नारळ दिला. थोरल्यानं फोडायचा असतो म्हणून नानांनी तो फोडला, दोन्ही वाट्या नीट पुसल्या आणि चाकापाशी ठेवल्या.

परतताना ते माझ्यापाशी थांबले. उन्हानं त्यांचे डोळे बारीक झाले होते.

“मने, पत्र झ्याक व्हतं,” ते म्हणाले. “येकच चूक हाय त्यात. भाईरचे प्रवासी लिवलंस तू. त्या पोरी भाईरच्या न्हवत्या गं.”

माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून ते पुढे गेले. त्यांनी रागावावं, चारचौघांत माझी लाज काढावी, अशी इच्छा मला तेव्हा झाली. ती आजही होते. रागाला उत्तर देता येतं. त्या मऊ आवाजाला मी काय उत्तर देणार होते?

नंतर त्यांनी एकेक गाडी विकली आणि सर्वांत जुनी ठेवली. पासष्टीच्या घरातला तो माणूस स्वतः स्टिअरिंगवर बसला. पुढच्या बाकावर पुन्हा मोठी आई, पुन्हा मेथी. दीड वर्ष त्या दोघांनी मुलींना नेलं-आणलं. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, समोरच्या कंटेनरची बाजू दिसेना, आणि एका सकाळी नानांनी स्वतःच किल्ली खुंटीला लावली. त्या दिवशी तिठ्यावर थांबलेल्या मुलींना सांगायला ते पायी चालत गेले होते.

नाना गेले ते आश्विनात, स्वच्छ उन्हाच्या दिवशी. दहाव्याला नदीकाठी भाषणं झाली. चौकात फलक लागला, त्यावर नानांच्या चेहऱ्याशेजारी तेवढ्याच आकाराचा आण्णांचा चेहरा. मुलींसाठी गाडी चालवणं ही आमच्या घराण्याची परंपरा, असं आण्णा गहिवरून म्हणाले, आणि माणसांनी डोळे पुसले. संध्याकाळी त्यांनी मला वर्तमानपत्रासाठी नानांवर चार परिच्छेद लिहायला सांगितले.

मी नाही म्हणाले. का, असं त्यांनी विचारलं.

“तुमच्यासाठी एकदा लिहिलंय मी,” मी म्हटलं. “ते नानांनी वाचलं होतं.”

आण्णांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं की अर्जातली ती तक्रार भावाला कधी कळलीच नाही. ते ओट्यावर बसले. मला त्यांची दया आली नाही. दया यावी असं वाटत होतं, पण आली नाही. त्यानंतर आमच्यात बोलणं उरलं ते औषधांपुरतं, येण्या-जाण्यापुरतं. मोठ्या आईपाशी मात्र मी सारं कबूल केलं. मला ठाऊक हाय, एवढंच ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

त्याला आता तीन पावसाळे झाले. गेलेल्या माणसाचा आवाज आधी विरतो, मग चाल, मग चेहऱ्याच्या रेषा. काळ इतका उदार असतो. पण ज्यानं आपला अपराध ओळखूनही आपल्या खांद्यावर हात ठेवला, त्या हाताचा भार मात्र वर्षागणिक वाढत जातो, आणि तो उतरवून ठेवावा तर ज्याच्यापाशी ठेवायचा तो माणूसच कुठे नसतो.