दुगाल्डच्या दारामागचा दगड

मी एक जुना दगड आहे. हसू नका, मित्रांनो. दगडाला कसली आली हकिकत, असे तुम्हाला वाटेल. पण मी वाटेवरचा दगड नाही, खेळातला आहे. माझे पोट गोल आणि गुळगुळीत आहे, डोक्यावर पितळी मूठ आहे आणि वजन सहा वर्षांच्या मुलाएवढे आहे.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात एक बेट आहे. तिथे पक्षी फार, माणसे मुळीच नाहीत. त्या बेटाच्या कड्यात मी युगानुयुगे निवांत पडलो होतो. मग कुणीतरी मला फोडून काढले, बोटीत घातले आणि कारखान्यात इतके घासले की माझी सगळी टोके गेली. त्या वेळी मला वाईट वाटले. टोके असलेला दगड सरकत नाही, हे मला नंतर कळले.

आमचा खेळ सोपा आहे. मला बर्फावर सरकवत सोडायचे, आणि दूरवर आखलेल्या वर्तुळाच्या मध्यावर मी थांबायचे. मी सरकू लागलो की माझ्यापुढे धावत झाडूने बर्फ घासतात, म्हणजे मी आणखी लांब जातो. बाकीचे ओरडतात. या ओरडण्याला आमच्याकडे फार मान आहे.

मला सोडायचा तो दुगाल्ड आणि माझ्यापुढे झाडायचा तो हेक्टर. दोघे शेजारी. दुगाल्डच्या मेंढ्या, हेक्टरच्या कोंबड्या. मिसरूड फुटल्यापासून दोघे एकाच संघात होते. मी मध्यावर थांबलो की दुगाल्ड माझी मूठ थोपटायचा आणि हेक्टर म्हणायचा, "दगडाला शाबासकी, आणि माझी कंबर मोडली त्याचं काही नाही." सामना संपला की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना व्हिस्की पाजायची आणि सगळ्यांनी एकाच टेबलाशी बसायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. ते माझ्या सुखाचे दिवस होते.

मग देशात मतदान आले. स्कॉटलंडने वेगळा देश व्हावे का, एवढाच प्रश्न होता. पण त्या एका प्रश्नाने गावात घरोघरी चुली वेगळ्या व्हायची वेळ आली. दुगाल्डने कुंपणावर 'हो' अशी भली मोठी पाटी लावली. समोर हेक्टरच्या खिडकीत 'नको, आभारी आहोत' असा कागद लागला. तो कागद पाहून दुगाल्डने आपल्या सगळ्या मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या रंगात 'हो' लिहून टाकले.

मुलगी इशबेल म्हणाली, "बाबा, हा रंग लोकर कातरेपर्यंत जायचा नाही."

"जायला कशाला हवा? जिंकणारच आहोत."

इशबेलने स्वतःचे मत कुणाला सांगितले नाही. तिची लेक मायरी तेव्हा नुकती रांगू लागली होती. कुणी विचारलेच तर ती म्हणे, "मला घरात दोन्ही वेळचं जेवण शांतपणे व्हायला हवंय."

निकाल लागला. 'नको' म्हणणारे जास्त निघाले. त्याच सकाळी हेक्टर बाटली घेऊन दारात उभा राहिला.

"जिंकणाऱ्याने पाजायची," तो म्हणाला. "चल, बस. जाऊ दे आता, खेळ संपला."

दुगाल्ड बाटलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझी ती दारू तुझ्या कोंबड्यांना पाज," आणि दार लावून घेतले.

तेवढ्यावर तो थांबला नाही. देश वेगळा झाला नाही, तर निदान आपण तरी व्हावे, असे त्याने ठरवले. आमच्या खेळाच्या क्लबच्या खोलीत जाऊन त्याने सर्वांसमोर जाहीर केले, "आजपासून मी या क्लबातून स्वतंत्र आहे," आणि मला उचलून घरी आणले. या स्वतंत्र क्लबात सभासद एक, दगड एक आणि झाडू एक होता. आमच्या खेळाला निदान चार माणसे लागतात, हे त्याला सांगणार कोण?

मला त्याने स्वयंपाकघराच्या दारामागे ठेवले, शेगडीला लागून. मित्रांनो, समुद्राच्या वाऱ्यात वाढलेला मी, आता दार अडवायच्या कामी आलो. माझ्यावर ओले मोजे वाळू लागले. इशबेल दिवसातून कितीदा तरी म्हणायची, "बाबा, तो दगड हलवा. पोरीच्या पायावर पडेल."

"तो जमिनीवरच आहे, इशबेल. आणखी कुठे पडणार?"

"तुम्हाला कळायचं नाही."

एक दिवस त्याच मायरीने माझी मूठ धरली आणि ती पहिल्यांदा उभी राहिली. त्यानंतर इशबेलने मला हलवायचे नाव काढले नाही, पण माझ्याभोवती उशा रचल्या.

दुगाल्ड दिवसभर खिडकीत बसून असे. बाहेर मेंढ्या पाठीवर 'हो' मिरवत फिरत, आणि कुंपण मोडून हटकून हेक्टरच्याच शेतात चरायला जात. त्यांना आणायलाही तो जाईना. इशबेल जाई. येताना तिच्या एप्रनच्या खिशात हेक्टरने दिलेली अंडी असत. ती अंडी ती दुकानातून आणलेल्या रिकाम्या डब्यात घालून ठेवी. वडील मुकाट्याने खात. एकदा ते म्हणाले, "दुकानातली अंडी हल्ली बरी यायला लागली." तिने फक्त मान हलवली. पण वडील अर्धी भाकरी टाकून उठतात, बोलता बोलता गप्प होतात, हे ती दारातून बघत असे.

जानेवारीत थंडी अशी पडली की गावचे तळे गोठले. हे कित्येक वर्षांत एखाद्याच वेळी घडते. सगळा गाव झाडू घेऊन तळ्यावर गेला. दुगाल्ड गेला नाही. लोक जेवायला घरी परतल्यावर मात्र त्याने मला शेगडीजवळून उचलले, थेट तळ्यावर नेले आणि बर्फावर ठेवले. मागोमाग इशबेल मायरीला शालीत गुंडाळून आली.

"बाबा, एकटे काय खेळणार?"

मग दुगाल्ड बोलू लागला. वर्तमानपत्रे, बँका, म्हातारे मतदार, सगळ्यांचा त्याने समाचार घेतला. तो बोलत होता, आणि मी शेगडीची ऊब पोटात घेऊन बर्फात हळूहळू खाली चाललो होतो. मग माझी ऊब संपली, आणि वितळलेले पाणी माझ्याभोवती पुन्हा गोठले.

शेवटी दुगाल्डने माझी मूठ धरली, गुडघा वाकवला आणि जोराने पुढे झेप घेतली. मी जागचा हललो नाही. दुगाल्ड गेला. पोटावर, हात पसरून, सरळ रेषेत, थेट वर्तुळाच्या मध्यावर जाऊन थांबला.

"छान," काठावरून, जेवून परतलेल्या हेक्टरचा आवाज आला. "असा नेम तू दगडाने कधी साधला नव्हतास."

मायरी खदखदा हसली. इशबेलने तोंडावर शाल घेतली, पण ती रडत होती की हसत होती ते मला दिसले नाही.

हेक्टर माझ्याजवळ येऊन वाकला. "तापलेला दगड बर्फावर ठेवलास? शाळेतली पोरंसुद्धा असं करत नाहीत."

"तुला कुणी विचारलं?"

"कुणी नाही. इशबेल, किटली आण."

गरम पाणी ओतून, पहार लावून दोघांनी मला काढले. मग मला काठावरच्या हिमात ठेवले. मी गार होईपर्यंत खेळता येणार नव्हते, म्हणून दोघे ओंडक्यावर बसले.

"अंडी आवडतात ना?" हेक्टरने विचारले.

"कसली अंडी?"

इशबेल मायरीचे टोपडे सारखे करू लागली. दुगाल्डने तिच्याकडे पाहिले, हेक्टरकडे पाहिले आणि एक लांब श्वास सोडला.

"तू म्हणालास खेळ संपला," तो म्हणाला. "तो खेळ नव्हता रे. मला देश हवा होता. मी मरायच्या आत."

हेक्टर झाडूच्या काड्या मोडत राहिला. "बाटली आणायला नको होती मी. चुकलं माझं. पण मत चुकलं असं म्हणणार नाही."

"म्हणू नकोस. म्हणालास तर मला खरं वाटणार नाही."

"पुन्हा मतदान मागाल?"

"मागणार."

"मी पुन्हा नको म्हणणार."

"म्हण." दुगाल्डने हातमोजा काढून माझ्या पोटावर तळवा ठेवला. मी गार झालो होतो. "ऊठ आता. झाडू घे."

त्याने मला सोडले. मी सरकलो. किती महिन्यांनी. मागून दुगाल्डचा आवाज तळ्यावर घुमला, "झाड, हेक्टर, झाड, जोर लाव, म्हाताऱ्या, कोंबड्यांचं खुराडं झाडतोयस का." हरलेला माणूस ओरडत होता, जिंकलेला वाकून झाडत होता, आणि मी दोघांच्या मधून चाललो होतो. मध्यावर थांबलो नाही, जरा पुढेच गेलो. कुणी तक्रार केली नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी असे काही हराल, जे तुम्हाला खेळापेक्षा मोठे वाटत होते. तेव्हा तापा, खुशाल तापा. फक्त तापलेल्या दगडाला लगेच बर्फावर ठेवू नका. त्याला थोडा वेळ थंडीत बसू द्या, आणि कुणीतरी त्याच्याजवळ बसा.