फाटकाची जागा

तिकीटमास्तर निवृत्त झाले, त्यांची जीभ मात्र झाली नाही. रविवारी सकाळी कुणी तयार झालं, की ते बाजारगाव पायी दाखवत. बैलगाड्या कुठे सुटायच्या, घोडागाड्या कुठे लागायच्या, पहिली मोटार कुठे रुतली आणि शेवटी बैलांनीच तिला कशी ओढून काढली, हे सगळं. त्या रविवारी एकटी काकूच आली. तिला ना बैलांशी देणंघेणं, ना मोटारीशी.

"मास्तर, मला फाटकाची जागा दाखवा. हे गेले ती."

काकूचा नवरा छोट्या रेल्वेवर फाटकवाला होता. गाडी फाटकावर थांबत नसे. पुढची वाट मोकळी असल्याची खूण म्हणून वेताच्या कड्यात अडकवलेला पितळी गोळा त्याने हात उंच करून धरायचा आणि ड्रायव्हरने तो चालत्या गाडीतून उचलायचा, अशी तिथली रीत. एका धुक्याच्या पहाटे त्याचा पाय सरकला आणि तो गाडीखाली गेला. काकू तेव्हा दवाखान्यात होती, कुशीत नुकती जन्मलेली लेक. काकू उठून बसेपर्यंत सगळं उरकलं होतं. भाऊ तिला तिथूनच आपल्या गावी घेऊन गेला. पुढे रेल्वे बंद पडली, रूळ उपटले, वरून रुंद रस्ता गेला. आता लेक तिला कायमची परदेशी नेत होती. उद्या निघायचं होतं. त्याआधी त्या जागेवर एकदा उभं राहावं, एवढंच तिचं मागणं.

मास्तर चालायला लागले खरे, पण सवय जाते थोडीच!

"हे बघा वहिनी, इथे गाड्यांच्या चाकांना धावा चढवायचे. लोखंड लालबुंद करून…"

"चाकं राहू द्या हो मास्तर."

मोबाईलच्या दुकानापुढे मास्तर थांबले. "हीच जागा. स्टेशनातून मला त्याचा कंदील इथेच दिसायचा."

काकूने चपला काढल्या आणि डोळे मिटले. तेवढ्यात बाकावरून म्हातारा घोडागाडीवाला ओरडला, "ओ मास्तर, जन्म गेला तिकिटं फाडण्यात, तुम्हाला फाटक काय ठाऊक? फाटक तिकडे, पेट्रोल पंपाशी. माझी घोडी तिथेच बिथरायची. माणूस चुकेल, घोडी नाही."

"तुझी घोडी कावळ्यालासुद्धा बिथरायची!"

काकू चपला हातात घेऊन पंपाकडे निघाली. दोघे भांडत मागे. पंपाच्या सावलीत एक जुना हमाल बसला होता. त्याने मान हलवली.

"इथे कुठलं, बाई? फाटक चढाच्या अलीकडे. पोतं टेकायला तिथे मोठा दगड होता. पाठ विसरते होय?"

"चढ कुठाय?" काकूने विचारलं.

"तो कापला की रस्त्यासाठी."

"आणि दगड?"

हमाल उठून कडेकडेने दगड शोधायला लागला.

मग तिघांची जुंपली. एक कंदिलावरून सांगे, दुसरा घोडीवरून, तिसरा पाठीवरून. भर रस्त्याकडेला तीन म्हातारे तीन दिशांना हात करून उभे. जाणारे येणारे हसत होते.

काकूने मध्येच विचारलं, "हे दिसायला कसे होते, आठवतं का कुणाला?"

हात खाली आले.

"उंच होता," हमाल म्हणाला.

"छे, ठेंगणा," घोडागाडीवाला म्हणाला.

मास्तर चष्मा पुसत राहिले. "मला आपला कंदीलच दिसायचा, वहिनी. जवळून असा… कधी बोलणं झालं नाही."

फाटक तिघांनाही आठवत होतं, फाटकवाला एकालाही नाही. काकू त्यांना कोणत्या तोंडाने बोल लावणार? तिच्याही डोळ्यांपुढे हल्ली नुसता वर केलेला हात यायचा, चेहरा नाही. आणि तो हातसुद्धा तिने कधी पाहिलेला नव्हता.

ऊन वर आलं. काकूच्या परतीच्या गाडीसाठी रस्ता ओलांडायचा होता. मास्तर पुढे झाले, वळून पाहतात तर काकू कडेलाच, अनवाणी, डांबराकडे बघत. मोटारी सुसाट चालल्या होत्या, दुकानापासून चढ होता म्हणतात तिथपर्यंत, सगळ्यावरून.

"चला वहिनी, धरा माझा हात."

"तुम्ही व्हा पुढे," काकू म्हणाली. "मला इथे कुठेच पाय टाकवत नाही."